इंग्लंडच्या खेड्यातील टपालकचेरी

इंग्लंडातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली टपालकचेरी स्वतंत्र सरकारी इमारतीत क्वचितच असे. बहुधा गावच्या वाण्याच्या दुकानातील एका कोपऱ्यात, जाळीच्या खिडकीआड, दुकानाचा मालकच कराराने पोस्टमास्तरकी सांभाळी. फ्लोरा थॉम्पसन या लेखिकेने १८९१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, फ्रिंगफर्ड गावच्या ज्या कचेरीत उमेदवारीला आरंभ केला, तेथे तर टपाल आणि लोहाराची भट्टी ही दोन्ही एकाच मालकिणीच्या ताब्यात होती.

१८४० साली रोलंड हिल यांच्या योजनेने एक पेनीत पत्र जाऊ लागले, १८६१ मध्ये बचत बँक आली आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या निर्धन वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंतचे पेन्शन मिळू लागले, ते याच खिडकीतून. माझ्या मते या कचेरीचा खरा प्राण पेन्शन हाच होता. वृद्धेने पुस्तक पुढे सरकवावे, पोस्टमास्तराने त्या आठवड्याच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारून ती फाडून घ्यावी, रोकड मोजून द्यावी, आणि त्या रोकडीतील बराच भाग दुकानाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच पाव, चहा, लोणी यांत खर्ची पडावा, असा क्रम होता. टपालाच्या मेहनतान्यावर दुकान तगे आणि दुकानाच्या आधाराने टपाल चाले.

२००३ पासून पेन्शन परस्पर बँकेच्या खात्यात जमा करण्याचा शिरस्ता पडू लागला, तेव्हाच या व्यवस्थेचे मूळ सुकू लागले होते. पुढे, मे २००७ मध्ये, तोट्याचे कारण दाखवून सुमारे २,५०० कचेऱ्या बंद करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. कचेऱ्यांच्या प्रत्येक यादीवर हरकती घेण्यास सहा आठवड्यांची मुदत मुक्रर झाली, आणि ग्रामीण भागातील शेकडा ९५ लोकांना तीन मैलांच्या आत कचेरी असली म्हणजे पुरे, असे मान ठरले. हे मान मला अन्यायाचे वाटते. कारण ज्या गावी मोटारबस आठवड्यातून एक-दोनदाच येते, तेथील संधिवाताने जखडलेल्या माणसाला तीन मैल म्हणजे परमुलूखच. सुमारे ५०० ठिकाणी फिरत्या गाड्यांची किंवा समाजमंदिरात ठरावीक तास बसण्याची तजवीज झाली खरी. पण गाडी ठरल्या वेळी येऊन निघून जाते, तिच्या आधाराने दुकान उभे राहत नाही. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात देशभर सुमारे २५,००० कचेऱ्या होत्या. २००९ साली त्या जेमतेम १२,००० उरल्या.

मुंबईच्या मनिऑर्डरींवर ज्या कोकणातील घरांच्या चुली पेटत, त्यांच्या वारसांना हे परके वाटू नये. आपल्या गावच्या शाखा डाकघराच्या जमाखर्चाची चौकशी ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी ग्रामसभेने गावातील पेन्शनरांची, बचत खात्यांची आणि शेजारगावच्या एस.टी.च्या फेऱ्यांची यादी तयार ठेवावी, आणि हरकत लेखी, मुदतीच्या आत नोंदवावी.