घरात ‘मले’, बाहेर ‘मला’

मारेगावच्या बसस्थानकावर वणीच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या कोणत्याही मुलाचं बोलणं पाच मिनिटं कान देऊन ऐकावं. क्लासमधून फोन आला की तो म्हणतो, “हो सर, मला यायला थोडा उशीर होईल.” तो फोन खिशात जातो न जातो तोच घरून फोन येतो. आता तोच मुलगा म्हणतो, “हाव माय, गाडीच नाई आली अजून. मले कायले विचारून राहिली घडीघडी?” मधे फार तर दहा सेकंद गेलेले असतात. तेवढ्यात आवाजाची पट्टी बदलते, ताठलेले खांदे सैल होतात आणि ‘मला’चं ‘मले’ होतं.

पुण्या-मुंबईकडे या बोलीला, म्हणजे वऱ्हाडीला, ढोबळपणे ‘विदर्भाची भाषा’ म्हणतात. मारेगावात तिला नाव लागत नाही, ती घरात असतेच. ‘डोळा’ इथे ‘डोया’ होतो, ‘काळा’ ‘काया’ होतो. चालू असलेली क्रिया ‘राहिला’ लावून सांगितली जाते. शेताला ‘वावर’ म्हणतात, मुलांना ‘पोट्टे’, आणि मित्राला हाक मारताना शेवटी ‘बे’ लागतो. पुढे कधीतरी करायच्या कामासाठी ‘येजो’, ‘करजो’, ‘सांगजो’ अशी गोड आज्ञार्थी रूपं आहेत. प्रमाण मराठीत त्यांना नेमका जोड नाही. ‘ये’ म्हटलं की आत्ता यायचं असतं. ‘येजो’ म्हणणारी माय मुलाला सवड देते, आणि आपण वाट पाहणार आहोत हेही त्यातच सांगून टाकते.

मारेगाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातला लहानसा तालुका. वणी वीसेक किलोमीटरवर, आणि वणीच्या भोवती कोळशाच्या खाणी. दक्षिणेकडे केळापूर किंवा झरी जामणीतून पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद. वावरात कापूस, सोयाबीन, तूर. तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, आणि त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा. त्यामुळे पोडावरच्या मुलाचं गणित आणखी अवघड असतं. घरात कोलामी, बाजारात वऱ्हाडी, शाळेच्या पुस्तकात तिसरीच मराठी. वणीच्या मुलाला ‘मले’पासून ‘मला’पर्यंत एक पाऊल टाकावं लागत असेल, तर याला दोन नद्या ओलांडाव्या लागतात.

इथल्या तरुणाचा दिवस बराचसा भरतीभोवती फिरतो. उजाडायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर धावणारे पोट्टे दिसतात. पोलीस शिपाई भरतीसाठी मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीला ५० गुण, लेखी परीक्षेला १००. दुपारी अभ्यासिका, आणि हंगाम असेल तर अभ्यासिकेला सुट्टी देऊन वावर. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या थोड्या वर जागांसाठी राज्यातून दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. या मुलांना ते आकडे माहीत असतात आणि तरीही ती सकाळी धावायला जातात. घरी कुणी विचारत नाही असं नाही. पण बाप विचारतो ते “कदी लागन?” एवढंच, आणि तेही जेवताना, ताटाकडे पाहत.

रात्री मोबाइल. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि स्वस्त इंटरनेट गावोगाव पोचलं, तेव्हा आजचा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण शाळेत होता. म्हणजे त्याच्या आवडीनिवडी बहुतेक त्या वीतभर पडद्यावरच घडल्या. क्रिकेट, रील, शंकरपटात धावणाऱ्या बैलजोड्यांचे व्हिडिओ, गोंडी गाण्यांवरचा डीजे, आणि हिंदीत डब केलेले तेलुगू सिनेमे.

या डब सिनेमांपाशी थोडं थांबायला हवं. १७ डिसेंबर २०२१ला आलेल्या ‘पुष्पा’मध्ये अल्लू अर्जुनला हिंदी आवाज दिला तो श्रेयस तळपदे या मराठी नटाने. त्या आवाजाच्या नकला विदर्भातल्या गल्लीबोळांत झाल्या. पण मूळ तेलुगू सिनेमात पुष्पा चित्तूरकडची रांगडी बोली बोलतो, आणि त्याचा सगळा तोरा त्या बोलीत आहे. रक्तचंदनाच्या जंगलातला हा हमाल शहरी तेलुगू बोलला असता तर तो पुष्पा राहिलाच नसता. हिंदीत ती बोली गळाली. मारेगावच्या मुलाला नायक मिळाला, त्याचा मुद्दा मात्र वाटेत कुठेतरी सांडला.

पैनगंगेपलीकडे तर याहून मोठी गोष्ट घडली. तेलुगू सिनेमात तेलंगणाची बोली अनेक वर्षं विनोदी पात्रांच्या आणि खलनायकाच्या हस्तकांच्या तोंडी असे. नायक बोलायचा ते किनारपट्टीकडचं तेलुगू. २०१४ला तेलंगण वेगळं राज्य झालं आणि हळूहळू वारं फिरलं. २०१७च्या ‘फिदा’मध्ये साई पल्लवीची नायिका तेलंगणाच्या बोलीत भांडली, प्रेमात पडली. २०२३च्या ‘दसरा’ची गोष्ट तर सिंगरेणीच्या कोळसा खाणींच्या भागातली, म्हणजे वणीच्या माणसाला ओळखीची वाटेल अशा काळ्या धुळीतली. त्याच वर्षी ‘बलगम’ आला. ‘बलगम’ म्हणजे गोतावळा. दिग्दर्शक वेणू येल्दंडी स्वतः आधी विनोदी भूमिका करणारे नट. गोष्ट एका म्हाताऱ्याच्या मरणानंतरच्या दिवसांची: पिंडाला कावळा शिवत नाही, कारण घर दुभंगलेलं आहे. आणि ते दुभंगलंय कशावरून, तर जेवणात जावयाला नळी मिळाली नाही म्हणून झालेल्या रुसव्यावरून. तेलंगणातल्या गावांनी चौकात पडदे लावून हा सिनेमा एकत्र पाहिला. पाहताना बायामाणसं रडली, आणि अबोला धरलेले भाऊ पुन्हा बोलू लागल्याच्या बातम्या आल्या. कावळ्याची वाट पाहणं मारेगावला नवं नाही. भांडणाची आणि रडण्याची भाषा पडद्यावर घरचीच असली की सिनेमा थेट घरात शिरतो, हे नदीपलीकडे दिसलं.

नदीच्या अलीकडे काय आहे? वऱ्हाडी बोली मराठी वाचकांना नवी नाही. विठ्ठल वाघांनी ती कवितेत आणली, पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ ही कादंबरी त्याच बोलीत बोलते. दूरदर्शन संचावर मात्र ती आली प्रामुख्याने हसवायला. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे ‘चला हवा येऊ द्या’मधून २०१४पासून घराघरांत पोचले. त्यांचे मोठे उपकार आहेत. आपल्यासारखं बोलणारा माणूस पडद्यावर मानाने वावरताना इथल्या मुलांनी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या रूपात. पण एकाच खोलीत राहणाऱ्या भाषेला बाकीच्या खोल्याही मिळायला हव्यात. बोली म्हटली की विनोद, असं समीकरण कायमचं बसलं तर त्या बोलीत “माह्यं तुयावर प्रेम हाये” म्हणणाऱ्या मुलालाही लोक हसतात. पुण्याच्या वसतिगृहात असं हसू झेललेली मुलं या तालुक्यात पुष्कळ सापडतील. त्यातली बरीच पुढे तोंड उघडण्याआधी मनात वाक्य दुरुस्त करून घेतात.

म्हणून ‘सैराट’ महत्त्वाचा. २९ एप्रिल २०१६ला नागराज मंजुळे यांनी करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी दिली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. विदर्भाच्या वाट्याला मंजुळ्यांचाच ‘झुंड’ आला, ४ मार्च २०२२ला. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं, त्यावरचा हा हिंदी सिनेमा. त्यात अमिताभ बच्चन आहेत. तरी मारेगावच्या मुलांना त्यातली दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटावी. नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेली मुलं तिथल्या हिंदी-मराठी मिसळीत बोलतात, आणि मुख्य मुलाचं नाव अंकुश मसराम. भूमिका करणारा अंकुश गेडाम. मसराम, गेडाम, आत्राम, टेकाम ही मारेगावच्या कोणत्याही वर्गाच्या हजेरीपटावरची आडनावं. हजेरीत रोज ऐकलेलं आडनाव बच्चनच्या समोर उभं राहून डोळ्याला डोळा भिडवतं, आणि २०२३मध्ये त्याच अंकुश गेडामला पदार्पणासाठी फिल्मफेअर मिळतं. मागच्या बाकावरच्या मसरामला यातून काय मिळालं असेल, त्याचा हिशोब तिकीटबारीवर होत नाही.

उलट बाजूही आहे. शेजारच्या राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी म्हणजे टी-१ वाघिणीने दोन वर्षं लोकांची झोप उडवली होती. २ नोव्हेंबर २०१८ला तिला गोळी घालण्यात आली. २०२१च्या ‘शेरनी’ या सिनेमात अनेकांना त्या घटनेची सावली दिसली. त्याचं चित्रीकरण मध्य प्रदेशातलं, बोलणं हिंदी. वाघाच्या भीतीने जागलीला एकटं जायला घाबरणाऱ्या बापाचा आवाज त्यात शोधायला गेलं तर सापडत नाही.

बाप या विषयावर इथली तरुण मुलं सहज बोलत नाहीत, आणि त्याला कारण आहे. २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा ही मुलं पाळण्यात किंवा अंगणवाडीत होती. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत यवतमाळचं नाव ऐकतच ती मोठी झाली. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द इतर मुलांना परीक्षेच्या अर्जात भेटतात. इथल्या काहींना ते बापाच्या मरणानंतर आलेल्या मदतीच्या कागदावर भेटले. २०१७मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, तेव्हा ती शाळेत होती. आज फवारणीच्या दिवशी “बाबा, तोंडाले बांधलं काय?” असं दारातून ओरडणारा मुलगा तोच.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९चा. विदर्भातली शेतकरीण अलका (सोनाली कुलकर्णी) शेजाऱ्याच्या आत्महत्येने धास्तावते आणि आपल्या नवऱ्यावर, किसनावर (गिरीश कुलकर्णी) डोळा ठेवते. त्याच्या आवडीचं खायला करते, लहान मुलाला त्याच्या मागे पाठवते. आपल्या बापाच्या मागे मागे वावरात जाणारं ते पोर मराठी सिनेमातल्या सर्वांत खऱ्या पात्रांपैकी एक आहे. कारण या जिल्ह्यात तशी मुलं खरोखर होती, आणि ती आता पंचविशीत आली आहेत. दूर शिकायला गेली तरी ती पाऊस लांबला की घरी दोनदा फोन करतात. विचारतात सोयाबीनचं, आणि ऐकतात बापाच्या आवाजाचा पोत.

मागे राहिलेल्या बायांनी तर स्वतःच रंगमंच गाठला. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी घरातल्या विधवा स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या. तेराव्या दिवसाच्या विधीला इकडे ‘तेरवं’ म्हणतात. २०२४मध्ये याच नावाचा चित्रपटही आला. नाटकातल्या कलाकारांपैकी एक, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. ११ जानेवारी २०१९ला यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठा वाद झाला होता. अखेर अध्यक्ष अरुणा ढेरे यांच्या उपस्थितीत संमेलनाचं उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. ज्या व्यासपीठावर भाषेचे जाणकार बसतात तिथे वावरात राबणारी बाई उद्घाटक म्हणून बोलली. त्या वर्षी शाळेत असलेल्या मुलींनी हे आपल्याच जिल्ह्यात घडताना पाहिलं आहे.

या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मराठीचा आद्य गद्यग्रंथ समजलं जाणारं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलं ते रिद्धपुरात, अमरावती जिल्ह्यात, वऱ्हाडच्या मातीत. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी मराठी गद्याने जिथे बाळसं धरलं त्या भागातल्या मुलाने ‘मले’ म्हणताना ओशाळावं, याचं मनापासून वाईट वाटतं.

पोळ्याच्या दिवशी तो ओशाळत नाही. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या सुरू होतात. यमक जुळवलेल्या त्या ओळींत सावकार, सरकार, कापसाचा भाव, कुणीच सुटत नाही. एकाने म्हटली की समोरच्याने तोडीस तोड उत्तर द्यायचं. रॅपच्या स्पर्धा मोबाइलवर पाहणारी मुलं आता झडत्यांचेही व्हिडिओ काढतात. काका झडती म्हणत असतो, पुतण्या मोबाइल धरून उभा असतो, आणि त्या दोन मिनिटांत दोघांचं एकमेकांशी वर्षभरापेक्षा जास्त बोलणं होतं.

बाकी दिवस ही बोली टिकली आहे ती व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपांत. मित्र-मित्र टाइप करताना रोमन अक्षरं वापरतात, तरी शब्द “काय करून राहिला बे” हेच असतात. मायला टाइप करता येत नाही, म्हणून ती बोलते. पुण्यात किंवा नागपुरात खोली करून राहणारी मारेगावची मुलगी रात्री कानाला मोबाइल लावून ते ऐकते. मागे भांड्यांचा आवाज असतो, कुत्रं भुंकत असतं. पऱ्हाटीला बोंडं किती धरली, गाय व्याली, बाबाचं गुडघ्याचं दुखणं, हे सगळं एका दमात येतं. मधे माय थांबते, बाबाला म्हणते, “बोला ना जी, पोरगी आयकून राहिली.” तो लांबूनच काहीतरी पुटपुटतो. मग पुन्हा तिचा आवाज:

“हे बोलत नाई. पोयाले येजो.”