बारा व्होल्टची ठिणगी

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात, विहिरींवरचे कित्येक प्लॅटफॉर्म माणसांविना चालतात. दाब मोजणारी उपकरणे, माहिती धाडणारा रेडिओ आणि जहाजांना सावध करणारे दिवे यांना वीज थोडीच लागते. तेवढ्यासाठी समुद्रातून केबल ओढणे परवडत नाही, म्हणून तिथे सौर पॅनेल आले.

ही वाट मेक्सिकोच्या आखाताने दाखवली. तिथल्या प्लॅटफॉर्मवरचे इशारादिवे वजनदार बॅटऱ्यांवर चालत आणि संपलेल्या बॅटऱ्या समुद्रात फेकल्या जात. १९७३च्या सुमारास एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने एक्सॉनच्या पैशावर सोलर पॉवर कॉर्पोरेशन उभी केली आणि सौर पॅनेलचा वॅटमागे १०० डॉलरचा भाव २० डॉलरपर्यंत उतरवला. जमिनीवरच्या सौरविजेला पहिली मोठी गिऱ्हाइके मिळाली, ती तेलवाल्यांमध्येच.

पण तेलविहिरींवरची हवाच वेगळी. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की तो पेटू शकतो आणि त्याला एका मिलीज्यूलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते. १० वॅटचे इवलेसे पॅनेल भर उन्हात सेकंदाला १० ज्यूल देते. कमी व्होल्टेज म्हणजे निर्धोक, हा समज मिथेनच्याच धोक्यात काम करणाऱ्या खाणकामगारांना फार महाग पडला आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिड कोळसाखाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार दगावले. संशयितांत बॅटरीवरची सिग्नलची घंटा होती. अशा घंटेच्या ठिणगीने वायू पेटतो, हे पुढे व्हीलर आणि थॉर्नटन या संशोधकांच्या प्रयोगांनी दाखवले. बिघाड झाला तरी पेटवण्याइतकी ऊर्जा मंडलात येऊच द्यायची नाही, हे तत्त्व त्यातून घडले.

पॅनेलची अडचण अशी, की त्याला बंद करायचे बटण नसते. ऊन आहे तोवर ‘१२ व्होल्ट’च्या पॅनेलच्या टोकांशी २१-२२ व्होल्ट उभे असतात आणि चालू भारावर कनेक्टर उपसला तर ठिणगी उडते. म्हणून अशा जागी पॅनेलमागचा जंक्शन बॉक्स इपॉक्सीने भरतात, केबल ग्लँडमधून पक्की बसवतात आणि दुरुस्तीपूर्वी पॅनेल झाकून घेतात. बॅटरी हा दुसरा धोका. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. तो हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो आणि त्याला मिथेनच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा लागते. त्यामुळे बॅटरीच्या पेटीला हवा खेळती लागते.

धोक्याच्या जागांचे झोन ०, १ आणि २ असे भाग पाडतात; आकडा जितका लहान, तितका धोका मोठा. झोन २मध्ये चालणारे उपकरण झोन १मध्ये चालेलच असे नाही. आपल्याकडे पेट्रोलियमच्या जागांसाठी अशा विद्युत उपकरणांना मंजुरी देणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था नागपुरात आहे.

दिवा ‘एफएलपी’ (फ्लेमप्रूफ) घेतला की काम झाले, असे कारखान्यांत सर्रास मानले जाते. तसे नसते. पॅनेल, कंट्रोलर, बॅटरीची पेटी, केबलची ग्लँड या प्रत्येकाची त्या झोनसाठीची मंजुरी तपासायला हवी. वीज फुकटची असली तरी ही तपासणी टाळू नका.