कोचिंग क्लास, पण मैदानावरचा!

लातुरात 'मी कोचिंग करतो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "फिजिक्स का बायोलॉजी?" मी म्हणतो, "फुटबॉल." मग एक मोठ्ठा पॉज. आणि मग, "ते ठीकंय सर, पण करता काय?"

करतो बॉस, नोकरीच करतो. सोमवार ते शनिवार टार्गेट, ईएमआय, बायोमेट्रिक हजेरी, सगळं तुमच्यासारखंच. फक्त बुधवारी आणि रविवारी पहाटे पावणेसहाला मी फक्कीचा डबा, बारा कोन आणि सहा बॉल घेऊन मैदानावर हजर असतो. आमची टीम म्हणजे अस्सल भेळ. बँकेतले दोघं, एक मोबाइल शॉपीवाला, केमिस्ट्री शिकवणारे दोन खरेखुरे सर, एक मेडिकल रिप्रेझेण्टेटिव्ह (हा गोलकीपर, दिवसभर 'नाही' ऐकून घ्यायची सवय असल्यानं गोल खाल्ला तरी त्याचा मूड जात नाही) आणि अकरावी-बारावीतली चार-पाच पोरं.

टॅक्टिक्सचा विषय निघाला की सगळ्यांना आधी फॉर्मेशन हवं असतं. शनिवारी रात्री टीव्हीवर मॅच बघितली की रविवारी पहाटे मागणी तयार, "सर, आज ४-३-३ खेळू!" अहो, चौदाजण येणार, त्यातले तिघं उशिरा, एक सासुरवाडीला. आकडे काय, व्हॉट्सअ‍ॅपवर पण लिहिता येतात. खरी गोची वेगळीच असते. बॉल सुटला रे सुटला की दहाच्या दहा माणसं त्याच्या मागं, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी. त्या घोळक्यात बॉल कुणाला दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे सोलून निघतात. कडेला उभे राहून, "अरे, तू तिकडं कामून पळायलास? तुझी जागा सोडू नको!" असं कितीही ओरडा, घशाला कोरड पडते, घोळका हलत नाही.

ओरडण्यापेक्षा नियम बदलावा, हा कोचिंगमधला सगळ्यात भारी फंडा. फक्कीनं मैदानाचे उभे तीन पट्टे पाडायचे. बॉल आपल्याकडे असताना तिन्ही पट्ट्यांत आपला किमान एकेक माणूस पाहिजे, नाही तर गोल धरला जाणार नाही. बस! लेक्चर नाही, फळा नाही. दोन गोल रद्द झाले की तिसऱ्या वेळी मोबाइल शॉपीवाला स्वतःच ओरडतो, "अरे, उजवीकडं कुणी तरी जा!" आणि कडेला माणूस उभा राहिला की समोरच्या बचावपटूला त्याच्याकडे सरकावंच लागतं, तो सरकला की मधे फट पडते, फटीतून पास जातो. 'विड्थ' म्हणतात ती हीच. पुस्तकात तिच्यावर अख्खं प्रकरण असतं, आमच्याकडे चुन्याच्या दोन रेघा.

दुसरा शत्रू म्हणजे रांग. शाळेतला पी.टी.चा तास आठवा. चौदा पोरं एकामागं एक उभी, एक बॉल, एकेकानं धावत जाऊन किक मारायची. जरा हिशेब करा. एकाला दहा सेकंद धरले तर आपला नंबर परत यायला दोन मिनिटं वीस सेकंद. वीस मिनिटांत बॉलला पाय लागणार आठ-नऊ वेळा. उरलेला वेळ समोरच्याच्या टी-शर्टवरचं नाव वाचा! त्याऐवजी 'राँडो' घ्या. चौघं बाहेर चौकोनात, दोघं मधे, बाहेरच्यांनी बॉल फिरवायचा, मधल्यांनी हिसकवायचा. दहा पावलांचा चौकोन, एक बॉल, सहाजण. दर दोन-चार सेकंदांना कुणाला तरी निर्णय घ्यावाच लागतो. बॉल येण्याआधी मान वळवून बघायची सवय यातच लागते. बार्सिलोनासारख्या क्लबात वर्षानुवर्षं रोज हेच चालत आलंय, आणि आपल्याला वाटतं त्यांच्याकडे काही तरी गुपित असणार.

आपल्याच राज्यातला 'सर'

आता एक गंमत सांगतो. मराठवाड्यात फुटबॉलची परंपराच नाही, ती कोल्हापूरची, असं सर्रास म्हटलं जातं. कोल्हापूरबद्दल वाद नाहीच. शाहू स्टेडियमवरची गर्दी काय असते ते बघितलेल्याला माहीत आहे, आणि २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही तिथलाच. पण भारतातला आजवरचा सगळ्यात थोर फुटबॉल कोच आपल्याच राज्यातला होता हो! राज्य म्हणजे तेव्हाचं हैदराबाद. नांदेड जिल्हा त्यात होता, आणि आजचं लातूर ज्यातून १९८२ साली वेगळं झालं तो उस्मानाबाद जिल्हाही.

सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' हा २०२४ चा सिनेमा बघितला असेल तर अजय देवगणनं साकारलेले तेच. पेशानं शाळामास्तर. हैदराबाद सिटी पोलिसांची टीम त्यांनी घडवली, मग भारताची. १९५१ आणि १९६२, दोन्ही एशियाडमध्ये सुवर्णपदक. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, आणि बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, रहीमसाहेबांच्या टीमनं मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवून सेमी-फायनल गाठली. नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक मारली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक मारणारा तो पहिला आशियाई.

मला मात्र पदकांपेक्षा या माणसाची शिकवण्याची पद्धत जाम आवडते. कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा ते भरवायचे. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धाही. म्हणजे पुन्हा तेच, उपदेश नाही, नियम बदला! पास द्यावाच लागेल असा खेळ मांडला की पास आपोआप सुधारतो. आणि माणसं वापरायची हिंमत बघा. १९६२ ला जकार्तात पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार झाली. पुढं जर्नैलसिंग हा खंदा बचावपटू डोक्याला जखम होऊन टाके घालून बसला. दुसरा कोच काय करेल? विश्रांती देईल. रहीमसाहेबांनी त्याला सेमी-फायनल आणि फायनलला थेट सेण्टर फॉरवर्ड उभा केला. दोन्ही मॅचमध्ये त्यानं गोल मारला, आणि फायनलला त्याच कोरियाला भारतानं २-१ नं हरवलं. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, कॅन्सरनं रहीमसाहेब गेले. एशियाडचं फुटबॉलचं सोनं भारताला त्यानंतर मिळालेलं नाही.

आमच्याकडे म्हणून दर बुधवारी दहा मिनिटं 'डावा पाय'. उजव्या पायानं मारलेला गोल धरत नाही. केमिस्ट्रीचे सर पहिल्यांदा डाव्या पायानं किक मारायला गेले आणि बसलेच! पोरं इतकी हसली की बस्स.

काळी माती, रिकामी टाकी

आता पुस्तकात नसलेली गोष्ट. आपली काळी माती पावसात बुटाला किलोभर चिकटते, आणि फेब्रुवारीनंतर भेगा पडून दगड होते. अशा मैदानावर बॉल टप्पा पडला की कुठंही उडतो. मग जमिनीवरून शॉर्ट पासचा अट्टहास उन्हाळ्यात कमी करायचा आणि पहिला टप्पा काबूत घेण्यावर वेळ घालवायचा. लांब खिळ्यांचे बूट घरी, रबरी दाण्यांचे पायात. मैदानावर पाणी मारा म्हणाल, तर २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हे कुणाला सांगायची माझी तरी टाप नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे सूर्य वर यायच्या आत खेळ खल्लास करायचा, आणि दर पंधरा मिनिटांना पाणी. तहान लागो न लागो.

वॉर्म-अपला 'फिफा ११ प्लस'. धावणं, ताकद, तोल असे पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, साहित्य जवळपास शून्य. नेमानं केलं तर दुखापती तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त कमी होतात, असं अभ्यासांत दिसलंय. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम स्प्रिण्ट मारणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे मस्टच. हॅमस्ट्रिंग गेला की सोमवारी बॉस विचारतो, "फुटबॉल? या वयात?"

नांदेडच्या टीमशी आमची जुनी खुन्नस आहे. अहमदपूर, लोहा करत तीन तासांचा रस्ता. नांदेड हे मुळात हॉकीचं गाव. गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा तिथं वर्षानुवर्षं भरते. त्यांच्या टीममध्ये तीन-चार हॉकी खेळलेले आहेत आणि ते लगेच कळतं. बॉल गेला की ते उलटे पळत नाहीत, कोन पकडून पास अडवतात. त्यांच्याविरुद्ध आमची बचावाची फळी आणि फॉरवर्ड यांच्यात अख्खं शेत मोकळं राहायचं. यावर उतारा अरिगो साचींचा. हे गृहस्थ व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत, आधी बूट विकायचे. पुढं त्यांच्या एसी मिलाननं १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. त्यांचा सराव बॉलशिवाय चालायचा. अकराजण जागेवर उभे, कोच हातानं दाखवणार 'बॉल आता इथं आहे', आणि अख्खी टीम एकत्र सरकणार. पुढच्या आणि मागच्या फळीत पंचवीसेक मीटरच अंतर. आम्ही हे दहा मिनिटं करतो. मॉर्निंग वॉकवाले काका-काकू थांबून बघतात. बॉल नसताना पळणारी माणसं बघून त्यांना काय वाटत असेल देव जाणे.

या सगळ्यात वेळेचा प्रश्न सगळ्यात नाजूक. आमचा लेफ्ट बॅक बारावीत आहे, नीटची तयारी. त्याचे वडील सलग तीन रविवार मैदानाच्या कडेला घड्याळ बघत उभे होते. तिसऱ्या रविवारी जवळ आले. "किती वाजता सुटतं?" अगदी क्लासबद्दल विचारावं तसं. मी म्हटलं, "सव्वासातला." "रोजच सव्वासात?" मी खिशातला कागद दाखवला. सहा ते सहा-वीस वॉर्म-अप, पुढं पंधरा मिनिटं राँडो, वीस मिनिटं त्या दिवसाच्या विषयाचा छोटा खेळ, वीस मिनिटं मॅच, शिट्टी. एका दिवशी एकच विषय. मॅच रंगात आली, बरोबरीत असली, तरी सव्वासाताला शिट्टी म्हणजे शिट्टी. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून परत दिला. "आठला त्याचा क्लास असतो," एवढंच म्हणाले.

बारावीतली दुसरी दोन पोरं दिवाळीनंतर आलीच नाहीत. त्यातल्या एकाच्या पायात सुरेख क्रॉस होता. त्यांच्या घरच्यांशी भांडावं असं मला वाटत नाही. या गावात एका मार्कानं मेडिकलची सीट जाते, हे मलाही कळतं. लेफ्ट बॅकचं मात्र ठरलंय. बुधवार बंद, रविवार चालू, परीक्षेच्या आधीचे दोन महिने पूर्ण सुट्टी. हे वडिलांनीच ठरवलं.

ती सुट्टी आता लागलीय, आणि येत्या रविवारी नांदेडवाले इकडे येताहेत. तेव्हा लेफ्ट बॅकला केमिस्ट्रीचे सर. डावा पाय बरा झालाय, पण पास देण्याआधी ते अजून क्षणभर थांबतात, आणि हॉकीवाल्यांना तेवढा क्षण पुरतो. काल राँडोत त्यांना जास्त वेळ बाहेरच्या चौघांत ठेवलं, दोनच टचची मुभा. बॉल गेला की मधे जायचं. चार वेळा गेले, मग जायचे थांबले.