नव्या लोडरचे पहिले पन्नास तास

द्राक्षबागा, भाजीपाला आणि दुग्धव्यवसाय असलेल्या गावांतून लहान ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस जोडावयाचा लोडर आता दिसू लागला आहे. शेणखत ट्रॉलीत भरणे, माती सारणे, खताची पोती उचलणे अशी कामे त्यामुळे एकटा माणूस उरकू शकतो. असे यंत्र बहुधा कर्ज काढून घेतलेले असते व त्याचे हप्ते काही वर्षे चालू राहतात. तितकी वर्षे ते निर्वेध चालावे, हे पुष्कळ अंशी पहिल्या 50 तासांत त्याचा वापर कसा झाला यावर अवलंबून असते. ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्र गावात येताच मालकास समजावून द्यावी.

नवे यंत्र म्हणजे पूर्णपणे जुळलेले यंत्र नव्हे. गिअरचे दाते, पिस्टनच्या कड्या, पंपाचे भाग हे कारखान्यात कितीही काळजीपूर्वक घडविले, तरी त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे राहतात. ते एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात, आणि झिजलेला धातू तेलात उतरतो. लहान ट्रॅक्टरमध्ये गिअरपेटीचे तेल आणि उचल-यंत्रणेचे तेल पुष्कळदा एकच असते. म्हणून गिअरची झीज लोडरच्या पंपापर्यंत व झडपांपर्यंत पोहोचू शकते. या झडपांतील फट अवघी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजण्याजोगी असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून तेलाच्या स्वच्छतेचे महत्त्व ध्यानी यावे.

आपल्याकडे यंत्राची खरेदी पाडव्याच्या नाहीतर अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर होते. हार घालून, हळदकुंकू वाहून यंत्र दारात येते आणि लगेच उन्हाळी कामांस जुंपले जाते. मृगापूर्वी खत पसरावयाचे असते, बांध घालावयाचे असतात, आटलेल्या तलावातील गाळ आणावयाचा असतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 साली सुरू झाली, तेव्हापासून या शेवटच्या कामाकडे लोकांचे लक्ष अधिक वळले आहे. परंतु नव्या लहान लोडरला पहिलेच काम ओल्या गाळाचे देणे सर्वथा अयोग्य होय. एक घनमीटर शेणखताचे वजन साधारण 500 ते 700 किलो, तर तितक्याच ओल्या गाळाचे वजन 1,600 किलोंहून अधिक भरते. बकेट तेच, भरल्यावर दिसते तसेच. ओझे मात्र दुपटीहून जास्त. पहिले 50 तास क्षमतेच्या निम्म्यापासून फार तर पाऊण पटीपर्यंतच भार घ्यावा. खत, भुसा, सुटी माती ही या काळातील योग्य कामे होत.

याच्या उलट, नवे इंजिन जपावे म्हणून ते तासन् तास मंद गतीवर फिरवीत ठेवणारेही आढळतात. हेही तितकेच हानिकारक आहे. पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीस चांगल्या बसतात त्या ज्वलनाच्या दाबामुळे. भारच नसेल तर त्या बसत नाहीत, भिंत चकचकीत होते आणि पुढे इंजिन तेल जाळू लागते. निळसर धूर ही त्याची खूण. मध्यम भार व बदलती गती हेच या काळात श्रेयस्कर.

पहिल्या दिवशी काम सुरू करण्यापूर्वी रिकामे बकेट आठ-दहा वेळा सावकाश वर-खाली करावे, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा निघून जाईल. मग बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, सपाट जागी तेलाची पातळी पाहावी. हवा निघाल्यावर ती थोडी उतरलेली आढळते. तेल फेसाळलेले दिसल्यास कोठून तरी हवा आत ओढली जात आहे असे समजावे.

नट-बोल्टांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. लोडरची चौकट ट्रॅक्टरला ज्या बोल्टांनी जखडलेली असते, त्यांच्याखाली रंगाचा थर असतो. कामाच्या हादऱ्यांनी तो दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट ढिला पडतो. त्यात कारागिराचा दोष नसतोच असे नाही, पण बहुधा नसतो. म्हणून पहिल्या 10 तासांनंतर चौकटीचे सर्व बोल्ट व चाकांचे नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळावेत. चाकाचे नट पहिल्या दोन-तीन दिवसांत रोज तपासावेत. अंदाजाने, पान्ह्याला पाइप लावून आवळल्यास आटे तुटतात. बाहूंच्या पिनांना दररोज ग्रीस द्यावे. जुने मळकट ग्रीस बाहेर पडेपर्यंत द्यावे.

नव्या नळ्यांचे सांधे याच काळात झिरपू लागण्याचा संभव असतो, आणि येथे यंत्रापेक्षा माणसाला धोका अधिक. ट्रॅक्टरच्या मागील चाकात हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो असतो. लोडरच्या नळीत तो 150 किलोंच्या आसपास वा त्याहून अधिक असतो. बारीक छिद्रातून उडालेली धार डोळ्यांना दिसतही नाही, पण कातडी भेदून तेल आत शिरते. गळती बोटाने कदापि चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावा. तेल शरीरात गेल्यास आरंभी टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते व वेदनाही फारशी होत नाही. तरीही त्याच घडीला रुग्णालय गाठावे आणि दाबाखालील तेल शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. काही तासांच्या विलंबाने बोट वा हात गमावण्याची पाळी येऊ शकते.

50 तास भरताच, अथवा पुस्तिकेत दुसरा आकडा असेल तर त्यानुसार, इंजिनचे तेल व फिल्टर आणि उचल-यंत्रणेचा फिल्टर बदलावा. तेल स्वच्छ दिसते म्हणून हा खर्च लांबणीवर टाकू नये. ही पहिली सेवा वेळेवर झाल्याची नोंद नसल्यास हमीचा लाभ नाकारला जाण्याचाही संभव असतो. तेल कोमट असताना काढावे व भांड्यात चुंबक फिरवून पाहावा. चुंबकास करडा, लोण्यासारखा मऊ थर लागला तर ती सर्वसाधारण झीज होय. टोचणारे कण किंवा धातूचे पापुद्रे आढळल्यास मात्र यंत्र पुढे चालवू नये. ते कण कागदात बांधून, काढलेल्या फिल्टरसह विक्रेत्याच्या कारागिरास दाखवावेत.