वर्गाचा साप्ताहिक मेसेज: मूल शाळेत काय शिकतंय, हे पालकांना त्यातून खरंच कळतं का?

शनिवारी शाळा सुटली की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो. 'मराठी पाठ 6 पूर्ण. गणित पान 34 ते 38. सोमवारी रंगपेटी आणणे.' सोबत दहा-बारा फोटो. त्याखाली 'धन्यवाद मॅडम' आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग.

सोमवारी रंगपेटी शाळेत पोचते. पण त्या पान 34 ते 38 मधलं आपल्या मुलाला किती जमलं, हे घरी कोणालाच माहीत नसतं.

पहिली ते पाचवीच्या पालकांना दर आठवड्याला वर्गाची माहिती देण्याची पद्धत आता खासगी शाळांपुरती राहिलेली नाही. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांमध्येही वर्गाचे ग्रुप आहेत. मग या मेसेजमध्ये नेमकं काय असावं? त्याने मुलाच्या शिकण्यात फरक पडतो का? आणि ज्यांच्याकडे फोन नाही किंवा ज्यांना मेसेज वाचता येत नाही, त्यांचं काय? समजून घेऊ.

शाळेनं पालकांना हे सांगणं बंधनकारक आहे का?

दर आठवड्याला मेसेज पाठवलाच पाहिजे, असा कायदा नाही. पण पालकांना मुलाच्या प्रगतीची माहिती देणं हे शिक्षकांचं कायदेशीर कर्तव्य आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 शिक्षकांची कर्तव्यं सांगतं. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती यांची त्यांना माहिती देणं, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. याच कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र या समितीची सक्ती नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपुस्तक हा घर आणि शाळा यांच्यातला दुवा असावा, असं म्हटलं आहे. थोडक्यात, 'पोराचं कसं चाललंय?' हा प्रश्न विचारणारे पालक शाळेवर उपकार मागत नसतात.

पण दर आठवड्याला कशाला? प्रगतिपुस्तक असतंच की

प्रगतिपुस्तक सत्र संपल्यावर हातात येतं. तोपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो.

प्राथमिकच्या वर्गात एक गोष्ट दुसरीवर उभी असते. जोडाक्षरं कच्ची राहिली तर तिसरीचा धडा अडखळत वाचला जातो. धडा वाचता आला नाही तर परिसर अभ्यासाचे प्रश्न कळत नाहीत आणि गणितातली शाब्दिक उदाहरणंही सुटत नाहीत. पालकांना हे दिवाळीच्या सुट्टीत कळलं, तर तोवर दोन-तीन महिने निघून गेलेले असतात.

हा प्रश्न किती मोठा आहे? 'असर' 2024 या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही मुलं शाळेत येतात आणि पुढच्या वर्गात जातात. आपलं मूल नेमकं कुठे अडकलंय, याचा अंदाज पालकांना अनेकदा नसतो.

आफ्रिकेतल्या मलावी देशात अर्थतज्ज्ञ रेबेका डिझॉन-रॉस यांनी प्राथमिक शाळांमधल्या मुलांच्या पालकांचा अभ्यास केला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाच्या प्रगतीबद्दल पालकांचा अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांत बरीच तफावत होती. खरी माहिती सोप्या शब्दांत दिल्यावर पालकांनी निर्णय बदलले, उदाहरणार्थ, मुलाच्या पातळीला साजेसं सरावपुस्तक निवडलं. गरीब पालकांच्या अंदाजातली चूक जास्त होती. म्हणजे साध्या, वेळेवर मिळणाऱ्या माहितीची गरज त्यांनाच सगळ्यात जास्त होती.

मेसेज पाठवल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, पण कोणताही मेसेज पाठवून नाही. तीन देशांतले प्रयोग पाहू.

• अमेरिका: मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. नापास झालेल्या विषयांचे उन्हाळी वर्ग करणाऱ्या हायस्कूलच्या मुलांच्या पालकांना शिक्षकांकडून दर आठवड्याला फक्त एका वाक्याचा निरोप गेला. निरोप न मिळालेल्या गटात 15.8 टक्के मुलं विषय पूर्ण करू शकली नाहीत. निरोप मिळालेल्या गटात हे प्रमाण 9.3 टक्के होतं. 'छान चाललंय' यापेक्षा 'इथे सुधारणा हवी' असं सांगणारे निरोप जास्त उपयोगी ठरले. ही मुलं मोठी होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

• चिली: चौथी ते आठवीच्या मुलांच्या पालकांना हजेरी, वर्तन आणि गणिताचे गुण यांची माहिती नियमित एसएमएसने दिली गेली. गणिताचे गुण आणि हजेरी दोन्ही सुधारले.

• बोत्सवाना: 2020 मध्ये कोविडमुळे शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार कुटुंबांसोबत हा प्रयोग झाला. तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या काही पालकांना दर आठवड्याला गणिताच्या उदाहरणांचा एसएमएस गेला. काहींना एसएमएससोबत शिक्षकांचा 15-20 मिनिटांचा फोनही गेला. फोन आणि एसएमएस दोन्ही मिळालेल्या मुलांचं गणित सुधारलं. नुसत्या एसएमएसचा परिणाम तेवढा ठाम दिसला नाही.

तिन्हींत एक गोष्ट समान आहे. पालकांना 'वर्गात काय झालं' एवढंच कळवलं नव्हतं. आपल्या मुलाची स्थिती किंवा मुलासोबत करायची ठोस गोष्ट, यांपैकी काहीतरी त्यांच्या हाती पडत होतं. 'पान 34 ते 38 पूर्ण' या मेसेजमध्ये दोन्ही नसतात. त्यातून शिक्षकांनी किती शिकवलं ते कळतं. मूल किती शिकलं ते कळत नाही.

मग चांगला मेसेज कसा असतो?

तिसरीच्या गणिताचं उदाहरण घेऊ. नेहमीचा मेसेज असा असतो: 'वजाबाकी पूर्ण. सराव करून घेणे.'

आता हा दुसरा मेसेज वाचा:

'या आठवड्यात आपण हातच्याची वजाबाकी शिकलो. घरी मुलाला 52 वजा 27 करायला सांगा. उत्तर 25 आलं तर उत्तम. 35 आलं तर रागावू नका. 2 मधून 7 जात नाहीत म्हणून मूल उलटं, 7 मधून 2 वजा करतंय. 10 रुपयांच्या पाच नोटा आणि 2 सुटे रुपये घ्या. त्यातून 27 रुपये द्यायला सांगा. एक नोट मोडावी लागते, हे त्याला आपोआप कळेल. पुढच्या आठवड्यात नाणी-नोटा हा भाग घेणार आहोत.'

हा मेसेज वाचायला अर्धं मिनिट लागतं. पण पालकांना एकाच वेळी चार गोष्टी मिळतात: काय शिकवलं, मुलाला आलं की नाही हे कसं ओळखायचं, चूक झाली तर काय करायचं आणि पुढे काय येणार आहे. कमी शिकलेले पालकही हे करू शकतात, कारण नोट मोडणं हा रोजचा व्यवहार आहे.

मराठीसाठीही हेच. 'जोडाक्षरं शिकवली' यापेक्षा 'दुकानाच्या पाटीवरची, बसच्या फलकावरची जोडाक्षरं मुलाकडून वाचून घ्या' हे जास्त कामाचं.

एक धोका मात्र आहे. साप्ताहिक मेसेज म्हणजे गृहपाठाची नवी यादी होता कामा नये. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. घरी करायची एक छोटी गोष्ट पुरते.

ज्यांच्यापर्यंत मेसेज पोचतच नाही त्यांचं काय?

इथे खरी अडचण सुरू होते. ग्रुपमध्ये नंबर बहुतेकदा वडिलांचा. ते दिवसभर कामावर. मुलाचा अभ्यास घेणाऱ्या आईपर्यंत किंवा आजीपर्यंत मेसेज पोचतो तो रात्री, किंवा पोचतच नाही. उपाय सोपा आहे: शाळेनं प्रवेशाच्या वेळीच विचारायचं की मुलाजवळ घरी कोण बसतं? नंबर त्या व्यक्तीचा घ्यायचा.

दुसरी अडचण भाषेची. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घालणाऱ्या अनेक मराठी घरांत इंग्रजी मेसेज नुसता 'ओके' म्हणून सोडून दिला जातो. शिकण्याची भाषा इंग्रजी असली तरी पालकांशी बोलायची भाषा त्यांची असू शकते. वाचताच येत नसेल तर एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज चालतो.

तिसरी अडचण स्थलांतराची. मराठवाड्यातून ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या हंगामात काही महिने गाव सोडतात. मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ही मुलं गावात आजी-आजोबांकडे राहतात. फडात असलेल्या आईला 'तुमच्या मुलीने या आठवड्यात पूर्ण गोष्ट एकटीने वाचली' असा आवाजातला निरोप मिळाला, तर रात्रीच्या फोनवर 'जेवलीस का?' या प्रश्नानंतर 'कोणती गोष्ट वाचलीस?' हेही विचारता येतं.

महाराष्ट्राला हे अगदी नवीन नाही. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीच्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी मातांचे गट तयार झाले आणि घरच्या वस्तू वापरून करायच्या कृतींची आयडिया कार्डं त्यांना दिली गेली. एकीकडे फोन आहे, ती इतर आयांना दाखवते. फोन नसलेल्या घरापर्यंत पोचायचा हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे. शाळेच्या दारावरचा फळाही अजून तितकाच चालतो.

ग्रुपवर काय टाकू नये?

• एखाद्या मुलाची कमतरता किंवा गुण. 'अमुक तमुकचा पाढा पाठ नाही' हे चाळीस घरांत वाचलं जातं आणि सोमवारी वर्गात बोललंही जातं. असा निरोप फक्त त्या पालकांना, शक्यतो फोनवर.

• फीच्या थकबाकीची यादी. याचा मुलाच्या शिकण्याशी संबंध नाही, पण अपमान मुलाच्याच वाट्याला येतो.

• विचार न करता टाकलेले फोटो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीला मूल मानलं आहे आणि मुलांच्या डेटासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीवर भर आहे. चेहऱ्यांऐवजी वहीचा, फळ्याचा, चित्रांचा फोटो टाकला तर माहितीही मिळते आणि जोखीमही टळते.

आणि शिक्षकांचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. अनेक द्विशिक्षकी शाळांमध्ये एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतात. वर ऑनलाइन माहिती भरणं, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामं. त्यात दर आठवड्याला प्रत्येक पालकाला वेगळा निरोप पाठवणं जमणारं नाही.

पण मधला मार्ग आहे. वर्गासाठी एकच सामाईक मेसेज, आणि आठवड्याला सहा मुलांच्या घरी दोन मिनिटांचा फोन. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. त्या हिशोबाने पाच आठवड्यांत प्रत्येक घरी एक फोन होतो. ज्या मुलाला जास्त गरज आहे त्याचा नंबर आधी लावता येतो.

यासाठी ग्रुप फक्त शिक्षकांना मेसेज टाकता येईल असा ठेवला, तर गुड मॉर्निंगच्या गर्दीत महत्त्वाचा निरोप हरवत नाही. रात्री दहा वाजता 'मॅडम, उद्या कोणता गणवेश?' हेही थांबतं.

पालकांनी काय करायचं?

• मेसेज आल्यावर 'शाळेत काय झालं?' असं मोघम विचारू नका. उत्तर 'काही नाही' असंच येतं. मेसेजमधली एक गोष्ट उचला आणि 'मला शिकव ना' म्हणा.

• मुलाला येत नसेल तर ओरडा खायला लावू नका. त्याची चूक वहीवर तशीच राहू द्या आणि शिक्षकांना दाखवा. कुठे अडतंय हे त्यांना त्यातूनच कळतं.

• मेसेजमध्ये फक्त पान क्रमांक येत असतील तर पालक सभेत एक विनंती करा: 'घरी काय विचारायचं ते एका ओळीत सांगाल का?'

• तुलना टाळा. ग्रुपवर दुसऱ्याच्या मुलाची सुंदर वही दिसली, म्हणून आपल्या मुलाला ऐकवू नका.

शाळेत मूल पाच-सहा तास असतं. उरलेल्या वेळात त्याला काय विचारायचं, हे पालकांना ठाऊक नसेल तर घर आणि शाळा दोन वेगळ्या दिशांना जातात. पुढच्या शनिवारी ग्रुपवर मेसेज आला की हात जोडलेला इमोजी टाकण्याआधी एकदा बघा: या मेसेजमुळे आज रात्री मुलाला विचारता येईल असा एक तरी प्रश्न तुम्हाला मिळाला का? मिळाला नसेल, तर तो मागून घ्या.