पाऊस, साठा आणि मधला येवा

पाऊस किती पडला आणि धरण किती टक्के भरले, या दोन आकड्यांवरच पावसाळ्यातली पाण्याची चर्चा संपते. त्यांना जोडणारा तिसरा आकडा म्हणजे येवा: पाणलोट क्षेत्रातून ठरावीक काळात जलाशयात आलेले पाणी. वाशीम जिल्ह्याने तर त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. तापी आणि गोदावरी खोऱ्यांच्या जलविभाजकावर हा जिल्हा वसला आहे. काटेपूर्णा इथे उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे जाते, तर अडाण आणि अरुणावती गोदावरी खोऱ्यात वाहतात. पैनगंगा बुलढाण्याकडून येते खरी, पण ती दक्षिणेच्या सखल भागातून जाते. वरच्या पठाराला बाहेरून पाणी आणून देणारी मोठी नदी नाही. तिथला येवा तिथल्याच शिवारात तयार होतो.

तो पावसाच्या प्रमाणात वाढत नाही. शंभर चौरस किलोमीटर पाणलोटावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, की एक दलघमी, म्हणजे दहा लाख घनमीटर पाणी पडते. पण जूनमध्ये काळ्या जमिनीला भेगा असतात आणि पहिल्या सरी तिथेच मुरतात. नाले कोरडेच राहतात. ऑगस्टपर्यंत माती फुगून भेगा मिटतात, पाणी मुरण्याचा वेग घटतो आणि तेवढाच पाऊस नाल्यांना पूर आणू शकतो. म्हणून पावसाची सरासरी गाठूनही तलाव अर्धे राहू शकतात. तो पाऊस रिमझिम पडला की दोन दिवसांत कोसळला, यावर बरेच ठरते.

यावर कोणी म्हणेल, वापरायला साठाच मिळतो, मग येवा कशाला मोजायचा? कारण भरलेल्या धरणाच्या सांडव्यावरून किती पाणी गेले, हे साठ्याची टक्केवारी सांगत नाही. साठ्यातील वाढीत विसर्ग, उपसा, बाष्पीभवन आणि गळती मिळवली, जलाशयावर थेट पडलेला पाऊस वजा केला, की येवा निघतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेततळी आणि बांधबंदिस्तीमुळे धरणांचा येवा घटेल. काही प्रमाणात घटेलही. पण मुरलेले पाणी विहिरींना मिळते, आणि बांधांमुळे माती अडल्याने धरणात गाळही कमी येतो. किती पाणी शिवारात अडवायचे आणि किती धरणाकडे जाऊ द्यायचे, हा निर्णय प्रत्येक पाणलोटाचा वेगळा असेल. तो अंदाजावर सोडायचा नसेल, तर वाशीमला पाणी देणाऱ्या एकबुर्जीपासून लहान पाझर तलावांपर्यंत येव्याची नोंद नियमित व्हावी आणि पाऊस व साठ्याच्या आकड्यांसोबत ती लोकांपुढे यावी.