दोन दुष्काळांमधली श्रद्धा

संकटात माणूस देवाच्या जवळ जातो, हे विधान भक्तिपर वाङ्मयात इतक्या सहजपणे केले जाते की त्यातील कार्यकारणभाव तपासून पाहण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र ज्या आपत्तीने एकाची श्रद्धा दृढ होते, त्याच आपत्तीने दुसऱ्याची पार मोडून पडते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात घडल्या. पहिल्या दुष्काळाने त्यांचा देवावरील विश्वास हिरावून घेतला आणि सुमारे वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या दुष्काळात त्या ईश्वरावर हवाला ठेवून शेकडो निराधार मुलींचा भार उचलायला निघाल्या. या दोन दुष्काळांच्या मधल्या काळात नेमके काय बदलले, हा प्रश्न त्यांच्या धर्मांतराच्या वादापेक्षा अधिक महत्त्वाचा असूनही त्याची चर्चा तुलनेने कमी झाली आहे.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक होते, म्हणजे तीर्थक्षेत्री पुराणे वाचून दाखवावीत आणि श्रोत्यांकडून मिळेल त्या दक्षिणेवर कुटुंबाचा निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. १८७०च्या दशकात दक्षिणेत अन्नान्नदशा झाली तेव्हा या कुटुंबाने उपास, जप आणि अनुष्ठाने आरंभली व उरलेसुरले द्रव्यही दानधर्मात खर्च केले. परंतु अंगमेहनतीची कामे विद्वान ब्राह्मणाच्या प्रतिष्ठेला शोभणारी नाहीत, अशा समजुतीमुळे मजुरीचा मार्ग त्यांनी बराच काळ स्वीकारला नाही. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. मागे राहिलेल्या रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले, तोपर्यंत दोघांचाही जुन्या उपासनेवरील विश्वास उडालेला होता. शास्त्राच्या भाषेत या उपासनेला सकाम, म्हणजे फळाची अपेक्षा धरून केलेली उपासना म्हणतात. वारकरी संतांनीही सकाम भक्तीला खालची पायरी मानले असल्यामुळे रमाबाईंच्या या निराशेत केवळ एका धर्माचा पराभव पाहणे उथळपणाचे ठरेल; मोडला तो देवाशी मनोमन केलेला करार.

यानंतरची वर्षे सुखाची मुळीच नव्हती. कलकत्त्याच्या पंडितसभेने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला खरा, पण १८८० मध्ये बंधू आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले व मनोरमा या तान्ह्या मुलीसह त्या एकट्या पडल्या. पुढे वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या, तर वाढत्या बहिरेपणामुळे तोही मार्ग खुंटला. १८८३ साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला. परंतु तेथे त्यांचा शोध संपला असे समजणे चुकीचे आहे. ज्या मठातील भगिनींनी त्यांना आश्रय दिला होता, त्यांच्याशी, विशेषतः भगिनी जेराल्डीन यांच्याशी, त्या पत्रांतून त्रैक्याच्या सिद्धांतावर, म्हणजे एकाच देवाच्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन रूपांवर, निर्भीडपणे वाद घालत राहिल्या आणि कोणत्याही धर्माधिकाऱ्याच्या शब्दाखातर आपली विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी नकार दिला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील आत्मानुभवाच्या कथनात, त्या स्वतःच सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. ती आंतरिक निश्चिती त्यांना बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी, भारतात परतून त्यांनी काढलेल्या शारदा सदन या विधवांच्या विद्यालयाचे काम सुरू झाल्यावर लाभली. आध्यात्मिक वाढ म्हणजे एका क्षणात होणारा चमत्कार, अशी जी सर्वसाधारण समजूत असते, तिला हा कालक्रम छेद देतो.

मुंबईत १८८९ साली उघडलेले आणि पुढे पुण्यास हलवलेले हे शारदा सदन १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले, रानडे व भांडारकर यांच्यासारखे समाजसुधारक सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तीनच वर्षांनी दुष्काळ पडला. आपण स्वतः भोगलेली उपासमार आठवून रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्या जणींना ठेवणे शक्य नसल्याने दौंडजवळच्या केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली आणि त्यातूनच मुक्ती मिशन उभे राहिले. हे काम त्यांनी ‘विश्वासावर’ चालवले, म्हणजे खात्रीशीर उत्पन्नाची वाट न पाहता, देणगी येईल या भरवशावर आणि प्रार्थनेच्या आधारावर. ब्रिस्टलमध्ये याच रीतीने अनाथालये चालवणारे जॉर्ज म्यूलर त्यांच्यापुढे आदर्श म्हणून होते.

मात्र प्रार्थनेबरोबर तेथे माग चालत होते, शेती आणि तेलघाणा होता, छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या, आणि पहिल्या दुष्काळात ज्या श्रमांना प्रतिष्ठेच्या कल्पनेने दूर ठेवले होते, तेच श्रम आता उपासनेचा भाग झाले होते. दोन दुष्काळांमधला खरा फरक येथे दिसतो, केवळ आराध्याचे नाव बदलण्यात नव्हे. जुना विश्वास देवाकडून सुटकेची हमी मागत होता. नव्या विश्वासाने ती मागणी सोडली आणि म्हणूनच अपयश आणि अपकीर्ती यांनी तो ढळला नाही. अर्थात रमाबाईंची ही वाढ पहिल्या दुष्काळातील तीन माणसांच्या मृत्यूमुळे ‘सार्थ’ झाली असे म्हणणे क्रूरपणाचे होईल, आणि दुःखिताला त्याचे दुःख देवानेच शिकवण्यासाठी पाठवले असे ऐकवणारे धर्मोपदेशक, ते कोणत्याही पंथाचे असोत, ही मर्यादा नेहमी पाळतातच असे नाही.

जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या आणि कार्याची वारस असलेली मनोरमा आईच्या आधी गेली. त्यानंतरही रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांच्या आधारे चालवलेले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही, आणि ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचे निधन झाले. मुक्ती मिशन आजही तेथे निराधार स्त्रिया व मुलांना आश्रय देत आहे.